अजब बंगल्यात उन्हाळ्याची एक खोली हवी

नागपूरच्या घरांतून वाळ्याच्या ताट्या केव्हाच गेल्या, सुरई गेली, गच्चीवरची सुतळीची बाज भंगारवाल्याने नेली. चार जुनी माणसे जमली की या वस्तूंची हळहळ निघतेच, आणि ती मनापासूनची असते. पण बोलणाऱ्या पिढीबरोबर ती हळहळही संपेल, आणि वस्तू तर वापरातून आधीच गेल्या आहेत.

ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांची चौकट आणि तिच्यात दाबून बसवलेली वाळ्याची मुळे. ती खिडकीला लावायची आणि दुपारभर तिच्यावर पाणी मारायचे. हे काम हटकून पोरांकडे, आणि पाण्याशी खेळायला मिळते म्हणून ते हौसेने व्हायचे. बाहेरची झळ ओल्या मुळांतून गार होऊन आत यायची, वाळ्याच्या वासासकट. नागपूरचा मे महिना कोरडा, म्हणून हे जमते. मुंबईच्या दमट हवेत पाणी सहज उडून जात नाही आणि ताटी नुसतीच ओली राहते. पुढे पत्र्याच्या कूलरने हीच विद्या उचलली, पाणी मारायला पंप आला एवढेच. माठाचेही तसेच. तो झिरपतो म्हणून पाणी गार राहते. वापरून वापरून त्याची छिद्रे बुजली की दर उन्हाळ्याला नवा माठ आणावा लागतो. २३ मे २०१३ रोजी या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हाशी विजेशिवाय कसे निभवावे हे ज्या वस्तूंना ठाऊक होते, त्या केवळ आठवणीपुरत्या उरणे हे या शहराचे नुकसान आहे.

अशाच घरगुती वस्तू जपणारा एक माणूस पुण्याला भेटला. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, वज्र्या गोळा केल्या. लोकांच्या घरातल्या, रोजच्या हाताळणीतल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभा केलेला हा संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारच्या स्वाधीन केला. नागपूरकडे तर १८६३ पासून मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजब बंगला, आहे. आपल्या अजब बंगल्यात शिल्पे आहेत, शस्त्रे आहेत, पेंढा भरलेले प्राणी आहेत. तिथे नागपूरच्या उन्हाळ्याला एक खोली मिळावी, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

आणि त्या खोलीत काचेआड नुसती ताटी टांगून भागणार नाही. ती बांधायची कशी, पाणी किती वेळाने मारायचे, सैल पडलेल्या बाजेच्या दोऱ्या कुठून ओढायच्या, हे सांगणारी माणसे अजून महाल-इतवारीच्या जुन्या घरांत आहेत. त्यांच्याच तोंडून ते ऐकून, ध्वनिमुद्रित करून वस्तूंशेजारी ठेवायला हवे. यासाठी मोठा निधी लागत नाही. संग्रहालयाने नुसते आवाहन करावे. माळ्यावर पडलेल्या वस्तू लोक स्वतः आणून देतील. मात्र ते याच वर्षी व्हावे, कारण ताटी बांधणारे हात आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत.