‘खंबीर राहा’ म्हणणं आता बंद करा

रात्री दोन वाजता ताईचा फोन आला. “पिल्लूला ताप आलाय. एकशे एक.” भाचा पाच वर्षांचा, रक्ताचा कॅन्सर, किमो चालू. मी झोपेतच म्हणालो, “घाबरू नकोस. पॅरासिटामॉल दे, सकाळी बघू.”

ताईने माझं ऐकलं नाही. रिक्षा करून थेट इमर्जन्सी गाठली. किमोने पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या असताना ताप आला, तर जंतुसंसर्ग धरूनच लगेच अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. सकाळपर्यंत थांबलं तर मूल हातचं जाऊ शकतं. हे ताईला कुणी सांगितलं? शेजारच्या खाटेवरच्या जालन्याच्या बाईने. हॉस्पिटलने दिलेला कागद इंग्रजीत होता आणि त्यावरचा नंबर रात्री कुणी उचलत नव्हतं.

तेव्हापासून ‘पॉझिटिव्ह राहा’ हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. त्या रात्री आत्मविश्वास माझ्याकडेच जास्त होता, आणि मी साफ चुकीचा होतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझी ऑन-कॉल ड्यूटी असते. रात्री सर्व्हर पडला तर काय करायचं, ते पायरी-पायरीने लिहिलेलं असतं. जमलं नाही तर कुणाला उठवायचं, तेही ठरलेलं. आठवडा संपला की दुसरा माणूस येतो. कुणाचं पेमेंट अडकू नये म्हणून एवढी तजवीज! ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढा काळ ताई ऑन-कॉल आहे. बदली माणूस नाही. आपण तिला काय देतो? गुड मॉर्निंगचे फॉरवर्ड.

आई-बापाचा आत्मविश्वास हा काही जन्मजात स्वभाव नाही. काय करायचं हे माहीत असलं आणि हाक मारल्यावर कुणी ओ दिली, की तो येतो. डॉक्टरांना वेळ नाही, मान्य. पण शिकवायला नर्स चालेल. मराठीत छापलेलं एक पान, रात्री उचलला जाणारा एक फोन आणि पालकांसाठी समुपदेशक, एवढं मागणं जास्त आहे का?

जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांहूनही कमी. उपचार अर्धवट सुटणं हे त्यामागचं एक कारण आहे. सोडणाऱ्यांना आपण ‘अडाणी’ म्हणून मोकळे होतो. त्यांची बुडालेली मजुरी, खोलीचं भाडं, गावी आजीकडे ठेवलेलं दुसरं लेकरू आपल्याला दिसत नाही. सेंट ज्यूडची केंद्रं 2006 पासून अशा कुटुंबांना मोफत राहायला जागा देतात, कारण डोक्यावरचं छप्पर हाही उपचारच आहे.

तेव्हा सल्ला नको. डबा द्या, मोठ्या भावंडाला शाळेत सोडा, एक रात्र वॉर्डात बसा.

ताई आता नवीन आलेल्या आयांना रिपोर्ट कसा वाचायचा ते शिकवते. सगळे तिचं कौतुक करतात. मला मात्र राग येतो. ते काम तिचं नव्हतं.