पणजोबांचा पुरावा

कुवेतमध्ये पूर्वजांचा शोध हा केवळ हौसेचा विषय नाही. १९५९च्या नागरिकत्व कायद्याने १९२०च्या आधीपासून तिथे वस्ती करून राहिलेल्यांना मूळ कुवेती मानले. ज्यांना ते सिद्ध करता आले नाही किंवा वेळेत नोंद करता आली नाही, त्यांची नातवंडे ‘बिदून’ म्हणून आजही नागरिकत्वाविना राहतात. तंबू घेऊन वाळवंटात फिरणाऱ्या माणसाने १९२०चा कागद आणायचा कुठून?

सरकारची बाजूही पोकळ नाही. तेलाच्या पैशातून शिक्षण, उपचार, घर द्यायचे तर नागरिक कोण हे ठरवावेच लागते, आणि खोटा बाप दाखवून नागरिकत्व लाटल्याची प्रकरणे तिथे उघडकीस आली आहेत. पण २०१५मध्ये इमाम सादिक मशिदीतल्या स्फोटात २७ जण गेल्यावर नागरिकांपासून पाहुण्यांपर्यंत सर्वांना डीएनए चाचणी सक्तीची करणारा कायदा आला, तो अतिरेक होता. दहशतवाद्याच्या शोधासाठी घराघरातली पितृत्वाची गुपिते सरकारच्या हाती का द्यावीत? २०१७मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा रद्द केला, हे उत्तम झाले.

आपल्याकडे महाराष्ट्रात मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने २०२३पासून जुन्या कुणबी नोंदी शोधायला घेतल्या आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांची गरज भासू लागली. धूळ खात पडलेली दप्तरे उघडली गेली, हा मोठाच लाभ. मात्र ज्या गावचे दप्तर वाळवीने खाल्ले, तिथल्या माणसाचा हक्क केवळ त्यामुळे बुडू नये. सापडलेला कागद जरूर ग्राह्य धरावा. न सापडलेला कागद कुणाच्या विरुद्धचा पुरावा मानू नये. शाळेचा दाखला, जमिनीचा उतारा, गावातल्या जाणत्यांची साक्ष यांनाही वजन हवे.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या या सरकारी कागदांहून वेगळ्या पडतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की गुरुजी बाड सोडतात आणि बोट ठेवून वाचू लागतात: अमुकचा मुलगा तमुक, वडिलांच्या अस्थी घेऊन आला होता, खाली त्याची सही. इथे कुणी पुरावा मागत नाही. माणूस आपणहून नाव लिहून जातो. उणीव मोठी आहे ती लेकींची: सासरी गेलेली मुलगी माहेरच्या वंशावळीतून बहुधा गळते.

म्हणूनच कुवेतमधल्या मराठी कुटुंबांनी पुढच्या सुटीत घरातल्या थोरांना विचारून वंशावळ लिहून काढावी, आणि तिच्यात आत्या, मावश्या, लेकींची नावे न चुकता घालावीत.