कारण : आर्थिक

विनोद करणाऱ्या माणसाला कामावरून काढताना 'तुमचा विनोद आम्हाला झोंबला' असं कारण आजवर कुणी लिहून दिलेलं नाही. कारण नेहमी कारकुनी असतं. आणि कारकुनी हा माझा प्रांत असल्यामुळे ह्या विषयावर दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे, असं मी धरून चालतो.

तर झालं असं, की १७ जुलै २०२५ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस ह्या टेलिव्हिजन कंपनीनं जाहीर केलं, की आमचा 'द लेट शो' मे २०२६ मध्ये कायमचा बंद होणार. कार्यक्रम कालपरवाचा नव्हे. डेव्हिड लेटरमन ह्या गृहस्थांनी तो ३० ऑगस्ट १९९३ ला सुरू केला आणि २०१५ मध्ये खुर्ची स्टीफन कोल्बेअर ह्यांच्याकडे गेली. न्यूयॉर्कचं एड सलिव्हन थिएटर, रात्री ११.३५ ची वेळ. यजमानानं आधी उभं राहून दिवसभराच्या बातम्यांची आणि त्या घडवणाऱ्या थोर पुरुषांची यथेच्छ टिंगल करायची, मग टेबलामागे बसून पाहुण्यांशी गप्पा मारायच्या. टेबल, खुर्ची, समोर येणारी माणसं. म्हणजे तसं पाहिलं तर माझंच काम. फरक इतकाच, की त्यांच्या टेबलासमोर आलेली माणसं हसत. त्यांच्या रात्रीच्या ११.३५ ला त्यांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ९.०५ वाजतात. त्या वेळी मी लोकलमध्ये एका पायावर असतो, म्हणून हे सारं मी आपलं मोबाईलवर तुकड्यातुकड्यांनी पाहत आलो.

बंद करण्याचं कारण काय दिलं? निव्वळ आर्थिक. इथपर्यंतही माझी तक्रार नव्हती. पण कंपनीनं त्याला शेपूट जोडलं. ह्या निर्णयाचा कार्यक्रमाच्या यशाशी, त्यातल्या मजकुराशी किंवा कंपनीत चाललेल्या इतर घडामोडींशी काहीही संबंध नाही, असंही सांगून टाकलं. आता मला सांगा, 'ताप आल्यामुळे एक दिवसाची रजा मंजूर व्हावी. ह्या रजेचा आज वानखेडेवर असलेल्या सामन्याशी काहीही संबंध नाही' असा अर्ज तुमच्या टेबलावर आला, तर तुम्ही काय समजाल? साहेब कितीही भोळा असला तरी तो आधी रेडिओ लावून धावसंख्या पाहील.

आमच्या शाखेतले एक सहकारी ह्यावर भडकले. ते म्हणाले, "अहो, तुम्ही कॉमर्सचे पदवीधर ना? तोट्यातली शाखा बंद करतातच की! त्यात दहा महिन्यांची नोटीस दिली. आपल्याला बदलीची ऑर्डर सुद्धा इतकी आधी मिळत नाही."

मुद्दा बिनतोड होता आणि त्याला मी बगल देणार नाही. आकडे खरोखरच वाईट आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांना रात्रीच्या ह्या कार्यक्रमांतून २०१८ साली सुमारे ४४ कोटी डॉलरच्या जाहिराती मिळत होत्या. २०२४ मध्ये त्या निम्म्यावर आल्या. लोक रात्री जागत नाहीत, सकाळी माझ्यासारखे फुकटात तुकडे पाहतात. 'लेट शो'ला वर्षाला ४ कोटी डॉलर खोट येते, असं वर्तमानपत्रांनी सूत्रांच्या हवाल्यानं छापलं. सूत्रांच्या आकड्यावर सही-शिक्का नसतो, पण चला, तोही जमेस धरू. तोटा होता. मान्य.

पण तोटा झाला की धंदेवाला माणूस काय करतो? शेजारच्या एनबीसीकडे पाहा. तोच धंदा, तीच वेळ, तीच ओहोटी. त्यांनी २०२४ मध्ये जिमी फॅलन ह्यांचा 'टुनाइट शो' पाच रात्रींवरून चार रात्रींवर आणला आणि सेथ मायर्स ह्यांच्या कार्यक्रमातला बँड घरी पाठवला. ही झाली काटकसर. ही मला कळते; आमच्या शाखेत आधी बिस्किटं बंद झाली, मग चहा अर्धा झाला. सीबीएसनं मात्र आपल्या वेळेत पहिल्या नंबरावर असलेला कार्यक्रम मुळासकट उपटला. कोल्बेअर गेले, त्यांच्या जागी दुसरे कुणी येणार, असंही नाही. नावच निवृत्त. माणूस रिटायर झालेला मी पुष्कळदा पाहिला आहे, हार-नारळसुद्धा दिले आहेत. खुर्ची रिटायर झाल्याचं हे पहिलंच उदाहरण.

आता तारखांकडे येऊ. हिशेबात रकमेइतकीच तारीख महत्त्वाची. व्हाउचर कितीही चोख असो, त्यावरची तारीख आमच्या इन्स्पेक्टरला खटकली की तांबडी पेन्सिल बाहेर येते.

तारीख पहिली : ऑक्टोबर २०२४. कमला हॅरिस ह्यांच्या मुलाखतीची फसवी कापाकापी केली, असा दावा ट्रम्प ह्यांनी सीबीएसवर लावला. तारीख दुसरी : १ जुलै २०२५. सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट हिनं तडजोड म्हणून १ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. वकिलांचा खर्च वजा जाता ते ट्रम्प ह्यांच्या भावी ग्रंथालयाला जायचे. तोपर्यंत ट्रम्प राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि पॅरामाउंटला स्कायडान्स नावाच्या कंपनीत विलीन व्हायचं होतं. त्याला सरकारी आयोगाची मंजुरी हवी होती. ह्या दोन गोष्टींचाही एकमेकींशी संबंध नाही, असं कंपनीनं सांगितलंच होतं. तारीख तिसरी : १४ जुलै. कोल्बेअर सुटीवरून परतले आणि आपल्याच मालकाच्या वाहिनीवर उभं राहून म्हणाले, की अशा गुंतागुंतीच्या व्यवहाराला कायद्याच्या परिभाषेत एक तांत्रिक नाव आहे : जाडजूड लाच. तारीख चौथी : १७ जुलै. कार्यक्रम बंद. तारीख पाचवी : १८ जुलै. राष्ट्राध्यक्षांनी आपला आनंद जाहीररीत्या व्यक्त केला. तारीख सहावी : २४ जुलै. विलीनीकरण मंजूर.

मी कुणावर आरोप करत नाही. मी फक्त तारखा ओळीनं मांडल्या. तेवढ्याचाच मला पगार मिळतो. पण १४ तारखेला खातेदारानं मॅनेजरविरुद्ध आरडाओरडा केला आणि १७ तारखेला त्याचं खातं 'निव्वळ प्रशासकीय कारणास्तव' बंद झालं, तर त्या मॅनेजरनं इन्स्पेक्टरला काय सांगावं, ते निदान मला तरी सुचत नाही.

आणि ही काही सीबीएसची पहिलीच वेळ नाही. ह्याच कंपनीनं १९६९ साली स्मदर्स बंधूंचा विनोदी कार्यक्रम बंद केला. ते दोघे व्हिएतनाम युद्धाची आणि सरकारची थट्टा करत. कारण काय दिलं असेल? टेप वेळेवर पोचली नाही! बंधू कोर्टात गेले आणि १९७३ साली कंपनीनं करार मोडला असा निकाल घेऊन बाहेर आले. कारकुनी कारण टिकतं, पण कोर्टात तपासेपर्यंतच. तोवर चार वर्षं गेलेली असतात आणि कार्यक्रम काही परत येत नाही.

त्यापेक्षा एनबीसीचे जुने साहेब सरळ म्हणायचे. फेब्रुवारी १९६० मध्ये त्यांनी 'टुनाइट शो'च्या जॅक पार ह्यांचा शौचकूपावरचा एक विनोद न विचारता कापला. पार दुसऱ्या रात्री चालू कार्यक्रमातून उठून चालते झाले आणि मार्चमध्ये परत येऊन बसले. भांडण विनोदावरून आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. विनोद कापणारा निदान तो ऐकतो तरी. तोटा दाखवून कार्यक्रम कापणारा मात्र आपण विनोद ऐकलाच नाही अशा चेहऱ्यानं वावरतो.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतला एक कार्यक्रम गेला, तुम्हाला एवढं काय झोंबलं? सांगतो. साहेबाची नक्कल सगळ्याच ऑफिसांत होते. आमच्याकडे ती कँटीनमध्ये, दार लोटून आणि एकाला बाहेर उभा करून होते. ह्या माणसांची नक्कल साहेबाच्याच खर्चानं, साहेबाच्याच वाहिनीवर, साहेबाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं व्हायची आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा कामावर हजर असत. १९५४ साली 'टुनाइट शो' सुरू झाला तेव्हापासून ही रीत कमीजास्त प्रमाणात चालत आली. मोठ्या क्रांतीबिंतीची गोष्ट मी करत नाही. रोज झोपण्यापूर्वी सामान्य माणसानं सत्ताधाऱ्याला एकदा हसून घ्यावं आणि कुणाचं काही बिघडू नये, एवढीच ही सोय. ती गेली, की माणसं हसायचं सोडत नाहीत. फक्त हसण्यापूर्वी मान वळवून मागे कोण आहे ते बघायला लागतात. ती सवय आमच्या कँटीनपुरतीच असलेली बरी.

राहता राहिला आर्थिक कारणाचा प्रश्न. ह्या कारणाची एक गंमत आहे. ते कुणालाही वापरता येतं. १७ सप्टेंबर २०२५ ला एबीसीनं जिमी किमेल ह्यांचा असाच रात्रीचा कार्यक्रम अनिश्चित काळासाठी थांबवला. तेव्हा पुष्कळ प्रेक्षकांनी मोर्चे-निवेदनांच्या जोडीला एबीसीच्या मालकांची, म्हणजे डिस्नेची, वर्गणी रद्द करायला सुरुवात केली. २३ सप्टेंबरला किमेल परत आपल्या टेबलामागे होते. माझ्या त्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "वर्गणी रद्द करताना त्या लोकांनी कारण काय लिहिलं असेल हो?"

मी म्हटलं, "निव्वळ आर्थिक."