वीतभर पाण्यातली मुशाफिरी

शिडाची होडी म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक 'म्हादेई'चं. गोव्यात बांधलेल्या या सतरा मीटर लांबीच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दुसरं, मुंबईच्या बंदरात शर्यतीसाठी बोयांभोवती घिरट्या घालणाऱ्या छोट्या डिंग्यांचं. पराक्रम किंवा पदक, यापलीकडे शिडाचा आपण विचारच करत नाही. पण चार-पाच मीटरच्या उघड्या डिंगीत शिधा, पाणी आणि अंथरूण टाकून दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस भटकायचं, रात्री वर ताडपत्री ताणून होडीतच झोपायचं, हा तिसरा प्रकार ब्रिटनमध्ये साध्या नोकरदारांनी जोपासला आहे. तो कोकणच्या खाड्यांना फार शोभेल आणि परवडेलही, असं माझं मत आहे.

ब्रिटनमध्ये हे वाढलं त्याला स्वस्त होडी कारणीभूत झाली. १९६३ च्या सुमारास 'डेली मिरर' या वृत्तपत्राने 'मिरर' ही डिंगी बाजारात आणली. आराखडा जॅक होल्ट यांचा, आणि बांधणी सोपी करणारे बॅरी बकनेल हे टीव्हीवर घरदुरुस्ती शिकवणारे गृहस्थ. प्लायवूडचे कापलेले तुकडे तांब्याच्या तारेने एकमेकांना शिवायचे, सांध्यांवर रेझिन आणि काचतंतूची पट्टी बसवायची, की घरच्या गॅरेजात होडी तयार. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. अशा हजारो होड्या लोकांनी स्वतःच्या हातांनी केल्या. (शिवून होडी बांधणं आपल्याला नवं नाही. काथ्याने शिवलेली 'कौंडिण्य' २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली, तीही गोव्यातच बांधलेली.) अशाच एका जेमतेम ३.३ मीटरच्या मिररमधून सँडी मॅकिनन हा शिक्षक १९९७ मध्ये इंग्लंडमधून निघाला आणि नद्या, कालवे करत थेट काळ्या समुद्राला जाऊन भिडला.

लहान होडी म्हणजे मोठीची गरीब नक्कल, हा समज चुकीचा आहे. इयन प्रॉक्टर यांनी १९५७ मध्ये आखलेली 'वेफेअरर' ४.८२ मीटरची. तिच्या मध्यावर एक फळी असते. ती पाण्यात सोडली की होडी वाऱ्याने आडवी घसरत नाही, आणि वर ओढली की तिला वीसेक सेंटीमीटर, म्हणजे वीतभर पाणी पुरतं. मोठी नौका जिथे खोल पाण्यात नांगर टाकून ताटकळते, तिथे ही कांदळवनातल्या वहाळात शिरते, ओहोटीला वाळूवर टेकून बसते. कोकणात तर याला वाऱ्याचीही साथ आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई सुटतो, दुपारी वायव्येचा खारा वारा धरतो. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्थीला पूर्ण भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नऊपर्यंत. पहाटे ओहोटी आणि मतलई दोघांच्या जोरावर खाडीच्या मुखाकडे यायचं, दुपारी भरती आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर आत परतायचं. चतुर्थी ते सप्तमी हा योग छान जुळतो, अष्टमीनंतर विस्कटू लागतो. मग वल्ही हाती घ्यायची किंवा दिवसभर एखाद्या गावाच्या धक्क्यावर थांबायचं. वेग ताशी सात-आठ किलोमीटर. ज्याला याहून घाई आहे त्याच्यासाठी हा उद्योग नाही.

'पण बुडाले तर?' हा पहिला आक्षेप, आणि रास्त. त्यावर फ्रँक डाय यांचं नाव घेतलं जातं. १९६३ मध्ये ते एका सोबत्याबरोबर वेफेअररमधून स्कॉटलंडहून आइसलंडला गेले. पुढच्या वर्षी नॉर्वेच्या वाटेवर वादळात होडी चार वेळा उलटली, डोलकाठी मोडली, तरी दोघे पोहोचले. मला हा युक्तिवाद पटत नाही. असाधारण माणसाच्या धाडसावरून सर्वसाधारण माणसाची सुरक्षितता सिद्ध होत नाही. ती ठरते सरावावर. वारा वाढण्याआधीच शीड दुमडून लहान करणं, होडी उलटली तर तिला सोडून पोहत न सुटणं, त्या मधल्या फळीवर उभं राहून ती सरळ करणं आणि बादलीने पाणी उपसणं. हे उथळ, शांत पाण्यात दहा वेळा केल्याशिवाय कुणाला खाडीबाहेर सोडू नये. कोकणाचे स्वतःचे धोके वेगळेच. मुखाशी सरकणारे वाळूचे दांडे, पाण्यात लावलेली जाळी, दाभोळ-धोपावेसारख्या फेरीबोटी, आणि वाशिष्ठीत मगरी. पावसाळ्यात तर नावच काढू नये. हे सगळं नकाशावर दिसत नाही, स्थानिक नाखवाला ठाऊक असतं. म्हणून प्रशिक्षक तोच हवा आणि त्याला त्याचा मोबदलाही मिळायला हवा.

'ही साहेबांची चैन आहे' हा दुसरा आक्षेप मात्र विसरभोळा आहे. यंत्रं येईपर्यंत याच खाड्यांतून शिडावर मासळी, कौलं, माणसं जात होती. आज पर्यटनाच्या नावाखाली आपण आणतो जेट स्की. पाच मिनिटांचा गोंगाट आणि पेट्रोलचा तवंग. शिडाला इंधन लागत नाही, डिंगीला मोठा धक्काही लागत नाही. लागतो तो पाण्यात उतरणारा एक दगडी उतार, भरतीच्या वेळा आणि वाळूचे दांडे दाखवणारा फलक, आणि जीवरक्षक जॅकेटशिवाय पाऊल ठेवू न देणारा माणूस. राज्याच्या सागरी मंडळाने सगळा किनारा एकदम हाती घेऊ नये. एक खाडी, आठ डिंग्या, चार नाखवे एवढ्याने सुरुवात करावी. खारे-मतलई वारे नोव्हेंबरात लागतात, तोवर उतार बांधून होईल.