नावेचा तळ आणि तापीचं पाणी
चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापासून खाली शिरपूर तालुक्यापर्यंत कुठंही जा, लाकडी नावेची खरी निगा उन्हाळ्यातच होते. पाणी ओसरलं की नाव काठावर पालथी घालायची, जुनं डांबर खरवडायचं, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासायचा, लाकूड खडखडीत वाळू द्यायचं आणि मगच नवं डांबर फासायचं. ओल्या लाकडावर घाईनं दिलेला थर पहिल्याच पावसात सुटतो. कोकणात एवढ्यानं भागत नाही. खाऱ्या पाण्यातले बार्नेकल, म्हणजे कवचाचे बारीक जीव, तळाला चिकटतात, बोट जड होते, डिझेल जास्त जळतं. म्हणून तिथं तांब्याचा रंग लावतात. तांबं हळूहळू पाण्यात झिरपतं, म्हणूनच तो रंग पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. पूर्वी कथिलाचं ट्रायब्युटिलटिन वापरत. त्यानं गोगलगायींची, शिंपल्यांची पैदास बिघडली आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय करारानं त्याला बंदी झाली. आपल्या तापीत बार्नेकल नाहीत. धरतं ते शेवाळ, आणि ते काथ्याच्या घासणीनं निघतं. भुसावळ हेच पाणी पितं. नाववाल्या दादांनो, कुणी कितीही आग्रह केला तरी तांब्याचा रंग तापीत उतरवू नका.