मालक मागू नका, मैदान मागा

मंडळी, पोस्ट लांब आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर वाचा, उभे असाल तर सेव्ह करून ठेवा. पण वाचा.

आपल्याकडे अधूनमधून एक टूम निघते. "वसई-विरारची स्वतःची प्रोफेशनल फुटबॉल टीम पाहिजे. एवढं मोठं शहर झालंय, एखादा बडा बिल्डर नाहीतर फिल्मस्टार पकडा, टीम आणा, नाव होईल." चंदनसार नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे हेच. पोरं हे उत्साहाने बोलतात, त्यांचा राग नाही. पण चार पैसे आणि चार माणसं बाळगणारे लोकही तेच बोलायला लागले की भीती वाटते. कारण हा खेळ महाराष्ट्रात आधी होऊन गेलाय. लांब नाही, पुण्यात.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. २००७ साली अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. हौसेचा संघ नव्हता. दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि २००९-१० च्या पहिल्याच आय-लीग हंगामात तिसरा आला. गोव्या-बंगालच्या मक्तेदारीत पुण्याचा नवखा संघ तिसरा! २०१२-१३ ला तर उपविजेता. चर्चिल ब्रदर्स पहिले, पुणे दुसरे. २०१४ साली आशियाई स्पर्धेत खेळायला व्हिएतनामला हनोईपर्यंत गेला. त्यांची अकादमी देशातल्या चांगल्या अकादम्यांपैकी होती. म्हणजे जे जे करायला हवं होतं ते सगळं केलं. बालेवाडीला सामने व्हायचे आणि लोक यायचे.

मग काय झालं? २०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि पुण्याला दुसरा संघ मिळाला, एफसी पुणे सिटी. मागे वाधवान समूह, पुढे हृतिक रोशन. त्याच वर्षाच्या शेवटी कल्याणी समूहाचा भारत एफसी निघाला. तोही पुण्यात. त्यानंतर डीएसके शिवाजियन्स आय-लीगमध्ये आला. एका शहरात दहा वर्षांच्या आत चार व्यावसायिक संघ! पेपरवाल्यांनी पुण्याला फुटबॉलची नवी राजधानी म्हणायचंच काय ते बाकी होतं.

आता हिशोब बघा. भारत एफसी एक हंगाम खेळला, शेवटचा आला, दुकान बंद. पुणे एफसी २०१५ नंतर मैदानात उतरलाच नाही. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम, २०१७ ला खल्लास. एफसी पुणे सिटी २०१७-१८ ला उपांत्य फेरीपर्यंत गेला आणि २०१९ ला बंद पडला. त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीने २०२१-२२ ला आयएसएल जिंकली सुद्धा. आणि २०२५ ला ती जागा उचलून दिल्लीला नेली, नवीन नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली.

पुणे, हैदराबाद, दिल्ली. हा क्लब झाला की बदलीवरचा तलाठी?

आणि आज देशातल्या वरच्या दोन्ही लीगमध्ये पुण्याचा एकही संघ नाही. चारातला एक सुद्धा नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, "पुणेकरांना फुटबॉल नकोच होता, आपल्याकडे सगळं क्रिकेट." हे मला अजिबात मान्य नाही. प्रेक्षक कमी पडले म्हणून हे संघ बंद पडले असते तर चारही वेगवेगळ्या वेगाने रोडावत गेले असते. इथे तसं झालेलं नाही. कुणाला लीगचं भवितव्य दिसेना, कुणाचा मूळ धंदा अडचणीत आला, कुणाला पैसे परत येण्याची चिन्हं दिसेनात. म्हणजे निर्णय झाला तो मालकाच्या ऑफिसात, स्टँडमध्ये नाही. ज्याने पाच वर्षं तिकीट काढलं त्याला विचारायची गरजच कुणाला पडली नाही, कारण कायद्याने तो कुणीच नव्हता. गिऱ्हाईक होता. दुकान बंद करताना कुणी गिऱ्हाइकाची सही घेत नाही.

मुंबईची कथा याहून निराळी नाही. महिंद्रा युनायटेड आठवतोय? १९६२ पासूनचा संघ. २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता, दोन वेळा फेडरेशन कप. २०१० ला कंपनीने ठरवलं, बंद. अठ्ठेचाळीस वर्षांचा इतिहास एका निर्णयात संपला. मुंबई एफसी २००७ ला निघाला, २०१६-१७ ला खाली घसरला आणि नंतर गायबच झाला.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मुंबई एफसीला सात वर्षं कमी पैशात वर टिकवून धरणारा कोच होता खालिद जमील. २०१६ ला त्याला सोडलं. तो गेला मिझोरामला, ऐझॉल एफसीकडे. ऐझॉल आदल्याच वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला, दुसऱ्यांनी माघार घेतली म्हणून परत घेतलेला. खालिदने त्याच हंगामात ऐझॉलला आय-लीग जिंकून दिली आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडला. आज खालिद भारताच्या संघाचा कोच आहे.

२०११ च्या जनगणनेत ऐझॉल शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आत होती. आपल्या वसई-विरारची बारा लाखांच्या वर. मालक ऐझॉललाही आहे, राजकारणी आहे, मी काही तिथे स्वर्ग आहे असं म्हणत नाही. पण तिथे संघ खाली गेला तरी गाव सोडून गेला नाही. गल्लीत, चर्चच्या आवारात, डोंगरउतारावर जिथे सपाट जागा मिळेल तिथे पोरं खेळतात. त्या पोरांवर क्लब उभा आहे. आपण मात्र कळसाची ऑर्डर आधी देतो आणि पाया नंतर बघू म्हणतो.

दुसरा युक्तिवाद थायलंडचा येतो. "बघा, बुरीराम. ईशान्येकडचा गरीब प्रांत. एका पुढाऱ्याने क्लब आणला, स्टेडियम बांधलं, आज जगात नाव." खरं आहे. नेविन चिडचोब यांनी ते करून दाखवलं. तीस हजारांवर माणूस बसेल एवढं स्टेडियम २०११ ला उभं केलं आणि एकामागोमाग एक विजेतेपदं मिळवली. पण हा संघ आला कुठून ते कुणी सांगत नाही. तो वीज प्राधिकरणाचा संघ होता, अयुथयाला खेळायचा, २००८ चा थायलंडचा विजेता होता. तो उचलून बुरीरामला नेला. बुरीरामला दिवाळी झाली, ठीक आहे. अयुथयाच्या पोरांनी काय करायचं? आपल्याला बुरीराम व्हायची स्वप्नं पडतात, पण मालकावर भिस्त ठेवलेली बहुतेक गावं शेवटी अयुथया होतात. पुणे झालंच की.

आणि अगदी श्रीमंतातला श्रीमंत मालक सुद्धा टिकेल याची खात्री नाही. मुंबई सिटी घ्या. विरारहून लोकलने अंधेरीला उतरून त्यांचे सामने बघणारे आपल्याकडे कमी नाहीत, मीही त्यातलाच. २०१९ ला मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या समूहाने ६५ टक्के हिस्सा घेतला. जगातला सगळ्यात मोठा फुटबॉल समूह! २०२०-२१ ला लीग आणि करंडक दोन्ही, २०२३-२४ ला पुन्हा करंडक. आणि २०२५ च्या डिसेंबरात, लीग चालवण्याचा पंधरा वर्षांचा करार संपून सगळंच अधांतरी झालं तेव्हा, समूहाने हिस्सा सोडला. मी त्यांना शिव्या घालणार नाही. गुंतवणूकदार गुंतवणूकदारासारखाच वागतो. चूक आपली, आपण त्याला घरचा कर्ता समजतो.

मग क्लब टिकतो कशावर? उत्तर आपल्याच राज्यात आहे. कोल्हापूर. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. पेठेपेठेचे संघ, तालमींतून आलेले. शाहू स्टेडियम भरतं ते फिल्मस्टार बघायला नाही, आपल्या पेठेचा पोरगा बघायला. सगळं गोड नाही. राडे होतात, हुल्लडबाजी होते आणि यातला कुठलाही संघ देशाच्या वरच्या लीगपर्यंत पोचलेला नाही, हे खरंच. पण पुण्यातले करोडोंचे संघ आले नि गेले, कोल्हापूरच्या तालमी आहेत तिथेच आहेत. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम विकत घेऊन कुणी हैदराबादला नेऊन दाखवावी. पेठेतली माणसं काय करतील ते वेगळं सांगायला नको.

जर्मनीत हेच नियमात बसवलंय. क्लबच्या सभासदांकडे पन्नास टक्क्यांहून एक मत तरी जास्त पाहिजे, एक-दोन जुने अपवाद सोडून. पैसे कुणाचेही घ्या, पण क्लब सभासदांचा. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब दुसऱ्या शहरात न्यायला २००२ ला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी त्याच वर्षी नवीन क्लब काढला, अगदी तळापासून खेळत वर आणला. नाव गावाचं होतं, म्हणून गावाने परत मिळवलं.

आता आपल्याकडे या. वसईच्या पश्चिम पट्ट्यात चर्चच्या मैदानांवर पिढ्यान्पिढ्या फुटबॉल खेळला जातो. म्हणजे बी आहे. पण पूर्वेला? चंदनसार, कोपरी, फुलपाडा, मनवेलपाडा. इथल्या पोरांनी खेळायचं कुठे? मोकळा प्लॉट दिसला की पत्रा लागतो. उरलं ते टर्फ, तासावर भाडं. शाळकरी पोरांनी वर्गणी काढून तासभर खेळायचं आणि शिट्टी वाजली की निघायचं. माझ्या भाच्याने एका खासगी अकादमीत वर्षाची फी भरली, चौथ्या महिन्यात कोचही नाही नि फोनही लागत नाही. मालकावर चालणारा फुटबॉल लहान मापात असाच असतो.

सिडकोच्या वेळचा विकास आराखडा २००१ ते २०२१ साठी होता. मुदत संपून वर्षं झाली. आरक्षणाच्या जागांचं आपल्याकडे काय होतं ते नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सगळ्यांनी पाहिलंय. सांडपाणी प्रकल्प आणि कचऱ्यासाठी ठेवलेल्या जागेवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, लोकांनी आयुष्यभराची कमाई घातली आणि शेवटी कोर्टाच्या आदेशाने सगळं पडलं. राहणारे रस्त्यावर आले. जिथे सांडपाण्याची जागा वाचली नाही तिथे पोरांच्या मैदानाची काळजी कोण करणार? आपण केली तरच.

जून २०२० पासून साडेपाच वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. तेव्हा विचारायचं कुणाला हा प्रश्न होता. जानेवारी २०२६ ला मतदान झालं, आता विचारायला माणसं आहेत. कुठल्याही पक्षाचे असोत, आपापल्या प्रभागात हे विचारा:

एक. आपल्या प्रभागात खेळाच्या मैदानासाठी आरक्षित जागा किती, सर्व्हे नंबर कोणते आणि आज तिथे नेमकं काय उभं आहे? यादी वेबसाइटवर टाका.

दोन. पूर्वेला किमान एक पूर्ण मापाचं मैदान द्या. लग्नं, सभा, जत्रा त्यावर नकोत. शाळेच्या पोरांना ठरलेल्या वेळी फुकट.

तीन. महापालिकेने प्रभागवार लीग सुरू करावी, मुलांची आणि मुलींची.

आणि चौथं आपल्यासाठी. क्लब काढायचाच तर संस्था म्हणून नोंदवा, वर्षाची परवडेल अशी वर्गणी ठेवा आणि प्रत्येक सभासदाला एक मत द्या. जिल्हा संघटनेतून वीफाच्या स्पर्धांकडे जायचा रस्ता उघडा आहे. बिल्डर आला तर स्वागत, जर्सीवर नाव लावा, पैसे घ्या, चहा पाजा. पण घटनेत लिहून ठेवा की नाव, रंग आणि मैदान विकायला नाही.

याला दहा-पंधरा वर्षं लागतील. दहा वर्षांत आयएसएल मिळणार नाही, कदाचित कधीच मिळणार नाही. पण पुण्याला दहा वर्षांच्या आत चार संघ मिळाले होते, आणि आज तिथल्या पोराला सांगायला एकही नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण आपल्या प्रभागातल्या आरक्षित मैदानाचा आजचा फोटो आणि जागेचं नाव तेवढं कमेंटमध्ये टाकाच. यादी महापालिका करेल तेव्हा करेल, आपण आजपासून सुरू करू.