अंतर आणि अवधि

मोरा बंदरांतील लहान मुलासहि एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. अंतर निराळें आणि प्रवासाचा काळ निराळा. भाऊच्या धक्क्यापासून मोरा सरळ रेषेंत सुमारें १० किलोमीटर आहे. हें अंतर कधींहि बदलत नाहीं. परंतु मोठी ओहोटी लागली कीं धक्क्याजवळ गाळ उघडा पडतो, लाँच लागूं शकत नाहीं, आणि तासाभराच्या आंतल्या वाटेसाठीं भरतीची वाट पाहत बसावें लागतें.

उलवें येथील नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजीं प्रवाशांस खुला झाला. विमान डोक्यावरून जाऊं लागल्यावर मात्र हेंच शहाणपण आपण विसरूं लागतों. ‘नागपूर काय, तासाभराचें!’ असें सहज बोलून जातों. म्हणून थोडें गणित करूं.

आपल्या ज्योतिषग्रंथांत अंतरावरून काळ काढण्याची एक शुद्ध रीति आहे. तिला देशांतरसंस्कार म्हणतात. पृथ्वीस १ अंश फिरावयास ४ मिनिटें लागतात. मोरा व नागपूर यांच्या रेखांशांत सुमारें ६ अंशांचा फरक आहे. तेव्हां नागपूरचा मध्यान्ह येथल्या मध्यान्हाच्या आधीं सुमारें २४ मिनिटें, म्हणजे एक घटिका, होतो. या गणितांत वाटेंतल्या खोळंब्यास जागाच नाहीं.

विमानाचें तसें नव्हे. उलव्यापासून नागपूरचें सरळ हवाई अंतर सुमारें ६७० किलोमीटर. लोहमार्गानें मुंबईहून तेंच ८३७ भरतें. जेट विमान उंचावर ताशीं ८०० किलोमीटरांच्या आसपास जातें, म्हणजे ५० मिनिटें पुरावीं. वेळापत्रकांत मात्र सुमारें दीड तास आढळतो. ही लबाडी नव्हे. विमान एका ठिकाणीं जागेवरून हालल्यापासून दुसऱ्या ठिकाणीं उभें राहीपर्यंतचा काळ त्यांत धरलेला असतो. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, हवाई मार्गाचीं वळणें, उतरण्यासाठींची रांग, सारें त्यांत आलें. शिवाय हिंवाळ्यांत उंचावर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. तो जातांना पाठीशीं आणि येतांना समोर येतो.

आतां या गणिताचें प्रयोजन सांगतों. घरांतील वडील माणूस निवर्ततें. मुलगा नागपुरास. तो फोनवर म्हणतो, ‘मिळेल त्या विमानानें निघतों, दीड तासाचें तर आहे.’ मंडळी त्या शब्दावर गुरुजींना वेळ देतात, आप्तेष्टांस कळवितात, आणि मग दाराकडे डोळे लावून बसतात. उशीर झाला कीं शोकांत चिडचिडहि मिसळते, आणि तिचा दोष विनाकारण मुलाच्या माथीं येतो.

अशा वेळीं घरांतील एकानें तरी शांतपणें कागद पुढें ओढावा. विमान वेळेवर मिळालें असें धरलें तरी घरून नागपूरच्या सोनेगांव विमानतळापर्यंत १ तास, उड्डाणापूर्वीं तेथें २, वेळापत्रकाचा दीड, उतरून बाहेर पडावयास अर्धा, आणि उलव्याहून मोटारीनें मोऱ्यास १. बेरीज ६ तास. त्याहून आधींची वेळ कोणासहि सांगूं नये.

आणि वडील केवळ आजारी असतील, तर ‘विमान आहेच’ या भरंवशावर भेट पुढें ढकलूं नये. ज्या ज्या गांवीं आपलीं मुलें आहेत, त्या त्या गांवाचें असें कोष्टक एकदां मांडून दिनदर्शिकेच्या पाठीमागें लिहून ठेवावें. प्रसंग आल्यावर बेरीज सुचत नाहीं.